पोटातले भाडेकरू आणि दारावरचा वॉचमन

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यानमालेत दिलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



सांस्कृतिक समितीने मला वीस मिनिटं दिली तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी मुदत ठेवी, फॉर्म १५-एच आणि नॉमिनेशन यावर बोलेन. तेही कधीतरी बोलायलाच हवं. पण आज मी बोलणार आहे आपल्या पोटातल्या बुरशीवर. हसू नका. विषय मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा आहे आणि या सभागृहात तो ज्यांच्या घरी येऊन गेलाय अशी मला माहीत असलेली चार घरं आहेत. त्यातलं एक माझं.

मार्च महिन्यात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरला होता. कॅन्सर म्हणजे दुसरं तिसरं काही नसून शरीरात वाढलेली बुरशी आहे, खाण्याच्या सोड्याने ती मरते, आणि डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. चौदा जणांनी खाली हात जोडले होते. हा दावा इटलीतल्या एका डॉक्टरने पसरवला. तो रुग्णांना सोड्याची सलाइनं लावायचा. त्याचं नाव तिथल्या वैद्यकीय नोंदणीतून काढून टाकलं गेलं आणि रुग्ण दगावल्याबद्दल न्यायालयाने त्याला दोषीही ठरवलं. एवढी माहिती त्या संदेशात नव्हती.

इथेच विषय संपला असता. पण त्यानंतर आठवडाभराने लिफ्टमध्ये आपल्याच एका विंगमधला तरुण मुलगा मला भेटला. त्याच्या वडिलांची मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी केमो चालू आहे. तो म्हणाला, "काका, तो सोड्याचा मेसेज भंकस आहे हे मला कळतं. पण मी शास्त्रज्ञांचे खरे लेख वाचलेत. आतड्यातली बुरशी आणि कॅन्सर यांचा संबंध आहे असं त्यात लिहिलंय. मग बाबांना बुरशीच्या गोळ्या सुरू करू का? फ्लुकोनाझोल मेडिकलमध्ये मिळते."

मी त्याला सांगितलं, आधी त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचार. त्याने विचारलं, ते नाही म्हणाले. पण "नाही" का, हे बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत त्यांना समजावून सांगायला वेळ मिळाला नसावा. ते "का" शोधायला मी बसलो. मी बी.कॉम., छत्तीस वर्षं बँकेत. खोटी नोट केव्हा पकडायला अवघड जाते ठाऊक आहे? जेव्हा तिचा कागद बराच चांगला असतो तेव्हा. या बुरशीच्या गोष्टीतही कागद खरा आहे, छपाई खोटी आहे. जे समजलं ते सांगतो. सी विंगमधल्या आपल्या डॉक्टरबाईंनी हे भाषण आधी वाचलेलं आहे.

तर बुरशी. आपल्याला बुरशी म्हणजे पावसाळ्यात चपलांवर, कपाटातल्या पट्ट्यावर आणि लोणच्याच्या बरणीत येते ती. पण पाव फुगवणारं यीस्ट हीसुद्धा बुरशीच. आपल्या आतड्यात जिवाणूंची प्रचंड वस्ती असते आणि तिच्यात थोडी बुरशी राहते. थोडी म्हणजे, जनुकांच्या हिशेबाने ०.१ टक्क्याच्या आसपास. मात्र बुरशीची एक पेशी जिवाणूपेक्षा आकाराने कितीतरी मोठी असते, त्यामुळे संख्येवर जाऊ नका. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव कँडिडा. ती बहुतेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात असते आणि काही करत नाही. जोरदार अँटिबायोटिक झाली, मधुमेह हाताबाहेर गेला, प्रतिकारशक्ती ढासळली की तीच कँडिडा डोकं वर काढते.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण आपण २०२१ मध्ये पाहिलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतरची काळी बुरशी, म्युकरमायकोसिस. ती बुरशी काही परदेशातून आली नव्हती. मातीत, हवेत, शिळ्या अन्नावर ती कायमच होती. तुम्ही आम्ही रोज ती नाकावाटे आत घेत होतो. रक्तातली साखर वाढलेली आणि स्टिरॉइड चालू असलेली माणसं तिला सापडली आणि कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा. म्हणजे बुरशी होती तीच, पहारा बदलला होता. माझं आजचं सगळं भाषण या एका वाक्याभोवती आहे.

आता पहारा म्हणजे काय ते बघू. आपल्या गेटवर वॉचमन असतो. दूधवाला, पेपरवाला, कामवाल्या मावशी यांना तो चेहऱ्याने ओळखतो, अडवत नाही. अनोळखी माणूस आला की रजिस्टर पुढे करतो, वर फोन लावतो. आतड्याच्या भिंतीलगत अशाच पहारेकरी पेशी बसलेल्या असतात. बुरशीच्या अंगावर बीटा-ग्लुकान नावाच्या साखरेची साखळी असते, ती जणू तिच्या सदऱ्याचा रंग. पहारेकरी पेशीवर डेक्टिन-१ नावाचं एक प्रथिन असतं, ते हा रंग ओळखतं. ओळख पटली की पेशीच्या आत निरोप जातो आणि तो निरोप पुढे पोचवणाऱ्या मधल्या माणसाचं नाव कार्ड-९. बँकेत काउंटरवरच्या क्लार्कने व्हाउचर पाहिलं आणि आत ऑफिसरच्या टेबलावर पाठवलं, तर मधला जो शिपाई, तो म्हणजे कार्ड-९. शिपाई रजेवर असेल तर व्हाउचर काउंटरवरच पडून राहतं, हा अनुभव इथे बसलेल्या प्रत्येकाला आहे.

हा शिपाईच नसलेली माणसं जगात आहेत. २००९ साली इराणमधल्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या घरात कार्ड-९ चं जनुक जन्मतःच बिघडलेलं होतं. त्यांना बुरशीचे संसर्ग पुन्हा पुन्हा होत आणि काही मुलं किशोरवयातच दगावली. म्हणजे ही प्रयोगशाळेतली कल्पना नाही, माणसाच्या जिवाशी संबंध असलेली गोष्ट आहे.

याचा कॅन्सरशी काय संबंध? मोठं आतडं साधारण पाच फूट लांबीचं. त्याचं आतलं अस्तर आठवड्याच्या आत नवं होतं, म्हणजे पेशींची सतत नक्कल चालू. जिथे जास्त नकला तिथे चुकीची नक्कल निघण्याची शक्यता जास्त. अस्तराला वर्षानुवर्षं सूज असेल तर दुरुस्तीचं काम वाढतं, नकला वाढतात. म्हणूनच ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आतड्याच्या दाहाचा जुना आजार आहे त्यांना या कॅन्सरचा धोका अधिक असतो. चुकलेल्या पेशींचा छोटा मोड उगवतो, त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात, काहींचा दहाएक वर्षांत कॅन्सर होतो. त्या काळात शरीराचे पहारेकरी चुकलेल्या पेशी ओळखून मारतही असतात. म्हणजे पहारेकऱ्यांना दोन कामं: बुरशीला जागेवर ठेवायचं आणि बिघडलेल्या पेशी उचलायच्या. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध आहे, हा अलीकडचा शोध.

इथे माझी थोडी हकीकत सांगतो. २०१८ मध्ये माझं हिमोग्लोबिन ८.२ वर आलं. पोटात दुखत नव्हतं, रक्त दिसत नव्हतं, फक्त तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना दम लागायचा. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्याच चिठ्ठीवर खाली लिहिलं: कोलोनोस्कोपी. उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, दुसरी स्टेज, केमो लागली नाही. पॅथॉलॉजीच्या अहवालात एक ओळ होती की गाठीत आणि गाठीभोवती पांढऱ्या पेशींची चांगली गर्दी आहे. मला वाटलं हे वाईट असणार. सर्जन म्हणाले, "नाही हो, ही तुमची पलटण आहे." पुढे कळलं की पॅरिसच्या जेरोम गॅलॉन यांच्या गटाने २००६ साली हेच दाखवून दिलं होतं. मोठ्या आतड्याच्या गाठीत टी पेशी किती आहेत आणि कुठे आहेत यावरून रुग्णाचं पुढे काय होईल याचा अंदाज चांगला बांधता येतो. ती फाइल मी अजून जपून ठेवलीय, सौभाग्यवती म्हणते शेअर सर्टिफिकेटच्या शेजारी.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ही जरा सावकाश सांगतो. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये 'इम्युनिटी' नावाच्या शास्त्रीय नियतकालिकाच्या एकाच अंकात, एकापाठोपाठ एक, दोन संशोधनं छापून आली. एक चीनमधल्या नानजिंगचं, दुसरं अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या सेंट ज्यूड रुग्णालयाचं. दोन्ही गटांनी कार्ड-९ नसलेले उंदीर घेतले. दोन्ही ठिकाणी उंदरांच्या आतड्यात तशाच रसायनांनी दाह आणि गाठी घडवून आणल्या. दोन्हीकडे एकच उत्तर आलं: कार्ड-९ नसेल तर गाठी जास्त. इथपर्यंत दोन्ही खातेवह्या जुळतात.

नानजिंगच्या लोकांना दिसलं की शिपाई नसल्यामुळे भक्षक पेशींना बुरशी नीट मारता येत नाही. आतड्यात बुरशी वाढते, त्यातही कँडिडा ट्रॉपिकॅलिस ही जात. वाढलेल्या बुरशीमुळे एका वेगळ्याच प्रकारच्या पेशी जमा होतात. त्या पहारेकऱ्यांच्याच घराण्यातल्या, पण काम उलटं: टी पेशींना गप्प बसवण्याचं. सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर गेटवर एवढी झुंबड उडाली की ती आवरायला जे बोलावले त्यांनी आपल्याच वॉचमनना खोलीत बसवून ठेवलं. मागच्या बाजूने गाठ वाढली. या उंदरांना फ्लुकोनाझोल दिल्यावर त्यांचा आजार कमी झाला. लिफ्टमधल्या मुलाने वाचलं होतं ते हेच, आणि त्याने बरोबर वाचलं होतं.

पण पान उलटलं की मेम्फिसचं काम. त्यांना दिसलं की आतड्यातली नेहमीची बुरशी आणि कार्ड-९ यांच्या संभाषणातून एक उपयोगी पदार्थ तयार होतो, इंटरल्युकिन-१८. तो आतड्याच्या अस्तराची डागडुजी करतो आणि टी पेशींना कामाला लावतो. म्हणजे बुरशी थोडीफार असणं हे पहारा जागा ठेवायला मदतच करतं. वॉचमनला रोज चार माणसं तपासायला लागली तर तो जागा राहतो, तसं. आणि या गटाने बुरशीनाशक औषध दिलं तेव्हा उंदरांचा दाह आणि कॅन्सर दोन्ही वाढले!

मंडळी, एकाच महिन्यात, एकाच नियतकालिकात, एकाच जनुकावर काम करताना, बुरशी मारल्याचा परिणाम एकीकडे जमा आणि दुसरीकडे नावे. मी बँकेत असतो तर दोन्ही शाखांना पत्र पाठवून खुलासा मागवला असता. पण इथे दोन्ही शाखा खऱ्या असू शकतात. बुरशी कोणत्या जातीची, किती, पहारा कोणत्या टप्प्यावर मोडलाय, यावर उत्तर बदलतं.

आणि हा एकच विरोधाभास नाही. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय संस्थेत इलीव्ह आणि अंडरहिल यांनी २०१२ मध्ये दाखवलं की डेक्टिन-१ नसलेल्या उंदरांना आतड्याचा दाह जास्त होतो. तर २०१५ मध्ये जपानच्या इवाकुरा यांच्या गटाला आढळलं की डेक्टिन-१ नसलेल्या त्यांच्या उंदरांना दाह कमी होतो, कारण तिथे आतड्यातले काही चांगले जिवाणू वाढले होते. याच गटाने २०२३ मध्ये म्हटलं की डेक्टिन-१ ला अडवलं तर गाठीही कमी होतात. एकाच वॉचमनला एका सोसायटीत बक्षीस आणि दुसऱ्या सोसायटीत नोटीस. मला यात शास्त्राचा पोकळपणा दिसत नाही. उलट प्रतिकूल निकाल छापून टाकण्याचा प्रामाणिकपणा दिसतो. व्हॉट्सॲपवर प्रतिकूल निकाल कधी फॉरवर्ड झालेला मी पाहिलेला नाही.

हे झालं उंदरांचं. माणसांच्या गाठींचं काय? २०२२ मध्ये दोन मोठी कामं आली. त्यातल्या एकात, इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ३५ प्रकारच्या कॅन्सरचे १७,००० हून अधिक नमुने तपासले आणि बऱ्याच गाठींत बुरशीच्या डीएनएच्या खुणा सापडल्याचं सांगितलं, प्रमाण मात्र फार कमी. दुसऱ्या कामात पोटाच्या आणि आतड्याच्या गाठींत कँडिडा ठळक दिसली. वर्तमानपत्रांत मथळे आले. पण इतक्या कमी प्रमाणात काही सापडलं की पहिला प्रश्न असा, की ते गाठीतलं की प्रयोगशाळेच्या टेबलावरचं? आणि गाठीत सापडलं तरी ते गाठीचं कारण की गाठ झाल्यावर आत शिरलेलं? कॅन्सरच्या गाठींतल्या जंतूंच्या खुणांवरचा २०२० सालचा एक फार गाजलेला शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण हिशेबाच्या पद्धतीतच चूक निघाली. बुरशीचे निबंध मागे घेतलेले नाहीत, पण त्यातल्या नोंदी माझ्या मते अजून सस्पेन्स अकाउंटमध्येच ठेवायच्या. टॅली झाल्याशिवाय कायम खात्यात टाकायच्या नाहीत.

तर त्या मुलाला मी काय सांगितलं ते ऐका. आम्ही बागेतल्या बाकावर बसलो होतो. म्हटलं, फ्लुकोनाझोल हे चांगलं औषध आहे, बुरशीचा संसर्ग खरोखर झाला असेल तेव्हा. केमोच्या रुग्णाला तोंडात पांढरा थर आला, गिळताना दुखायला लागलं, तर डॉक्टर स्वतःच ते देतील. पण कॅन्सर आटोक्यात येईल म्हणून देणं वेगळं. ते यकृताला त्रास देऊ शकतं. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्यांचा जोर वाढवून रक्तस्राव घडवू शकतं. बाकीच्या अनेक औषधांच्या पातळ्या वरखाली करतं. तुझ्या बाबांच्या आतड्यात पहारा नानजिंगसारखा मोडलाय की मेम्फिससारखा जागा आहे, हे सांगणारी तपासणी आपल्याकडे गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही. मग अंधारात गोळी का चालवायची? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी काहीच करायचं नाही का, काका?"

हा प्रश्न मला लागला. घरात आजारी माणूस असला की सगळ्यात जड जातं ते हे, हातावर हात ठेवून बसणं. सोड्याचा मेसेज चालतो तो याच जागेवर. मी त्याला म्हटलं, करण्यासारखं पुष्कळ आहे. केमोच्या तारखा चुकू देऊ नकोस. ताप शंभराच्या वर गेला तर रात्र असो, सण असो, हॉस्पिटलला फोन कर, सकाळची वाट बघू नकोस, कारण केमोत पहारा खरोखरच खाली गेलेला असतो. शिळं, उघड्यावरचं, बुरशी आलेलं अन्न द्यायचं नाही. पावाचा हिरवा कोपरा काढून बाकीचा खायची आपली जुनी सवय त्यांच्यासाठी बंद. आणि तू स्वतः कधी तपासणी करून घेणार, ते डॉक्टरांना विचार. आईवडिलांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर मुलांची तपासणी इतरांपेक्षा लवकर सुरू करतात. हे शेवटचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आपल्या सगळ्यांसाठी हेच थोडं वाढवून सांगतो. सरकारी कार्यक्रमात तोंडाच्या, स्तनांच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, मोठ्या आतड्याची नाही. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा कॅन्सर कमी आहे, म्हणून. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे, आणि आपल्याकडे तो तरुण वयातही दिसतो. त्यामुळे जबाबदारी आपल्यावरच येते. शौचातून रक्त पडलं की "मूळव्याधच असेल" म्हणून महिनोन्‌महिने मलम लावत बसायचं नाही. शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, कारण नसताना वजन घटणं, आणि माझ्यासारखं कारण न सापडणारं कमी हिमोग्लोबिन, ही डॉक्टरांकडे जाण्याची कारणं आहेत. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी साधी तपासणी असते. अमेरिकेत २०२१ पासून कुठलाही त्रास नसला तरी वयाच्या पंचेचाळिशीपासून तपासणी सुरू करायला सांगतात. आपण कधी करायची ते आपापल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

पोटातल्या भाडेकरूंसाठी वेगळं पथ्य मी सांगणार नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी-उसळी, पालेभाज्या, रोजचं चालणं, तंबाखू आणि दारूला रामराम, आणि सर्दी झाली की आपल्या मनाने अँटिबायोटिक घेणं बंद. बाजारात 'कँडिडा क्लीन्स' नावाखाली हजारो रुपयांची पाकिटं मिळतात, त्यात पैसे घालवू नका. त्यापेक्षा लिफ्टच्या सिंकिंग फंडात भरा.

कोलोनोस्कोपीची भीती बाळगणाऱ्यांना अनुभवाचे दोन शब्द. तपासणी झोपेच्या इंजेक्शनमध्ये होते, काही कळत नाही. कष्ट असतात ते आदल्या दिवशी, पोट साफ करायचं खारट पाणी दोन-तीन लिटर प्यावं लागतं. ते थंड करून प्यावं, थोडं सुसह्य होतं. आणि घरात एकच संडास असेल तर बाकीच्या मंडळींनी शेजारच्यांची किल्ली आधीच मागून ठेवावी.

आता प्रश्न असतील तर विचारा. आतड्याबद्दलचे असतील तर डॉक्टरबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. नॉमिनेशनबद्दलचे असतील तर मी आहे.